थांबाजीभाऊजींचे सात थांबे

थांबाजीभाऊजींना सलग शंभर पावलं चालताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. आणि दमलो म्हणून थांबलो, असंही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते थांबायचे ते नेहमी काहीतरी महत्त्वाच्या कामासाठी. कडुनिंबाखाली आले की कमरेवर हात ठेवून फांद्यांची पाहणी करायचे, जणू ते झाड त्यांनीच कुणाला मक्त्यानं दिलं होतं. लोहाराचं दुकान तेवढं तोंडावर उपरणं धरून ओलांडायचे आणि पुढची विहीर आली की कठड्याला टेकून आत डोकवायचे. विहिरीला पाणी किती, हे अख्ख्या अमरावतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे.

त्याच्या पुढचा थांबा गोदाबाई माळिणीचा. भाऊजी तिच्या टोपल्यासमोर उभे राहायचे आणि कष्टानं विचारायचे, "वांगे कसे हायेत आज, गोदाबाई?" गोदाबाई वांग्यांचा भाव सांगायची, मग मेथीचा, मग फुलांचा. तोवर भाऊजींच्या छातीचा भाता जागेवर यायचा. "बरं बरं," म्हणून ते पुढं निघायचे. वर्षानुवर्षं त्यांनी वांग्यांचा भाव विचारला आणि एक वांगं कधी विकत घेतलं नाही.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. पाळण्यातलं नाव काही वेगळंच होतं, पण गावानं 'थांबाजी' म्हटलं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. आम्ही दोघंही कापसाचे दलाल. ते विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूनं, मी घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या. त्यामुळे सकाळी अक्काच्या हातची भाकर एका ताटात खाऊन आम्ही बाजारात एकमेकांसमोर उभे ठाकायचो. ते मला 'साळेबुवा' म्हणत, आणि त्या शब्दात जेवढा खवचटपणा बसेल तेवढा बसवत.

मूळचे ते अकोल्याचे. तिथं त्यांना क्षय झाला. क्षय म्हटलं की त्या काळी लोक माणसाचं नाव मनातल्या मनात पुसून टाकत. घरच्यांनी त्यांना गावाबाहेर मळ्यातल्या झोपडीत नेऊन ठेवलं. अक्का मात्र एक शेळी आणि दोन मडकी घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. दोन वर्षं तिनं शेळीचं दूध पाजलं, उन्हात बसवलं, वाऱ्यात झोपवलं, आणि मरायची परवानगी दिली नाही. भाऊजी उठले. ताप गेला, रक्त पडायचं थांबलं, अंगावर मांसही आलं. पण वैद्यबुवांनी पाठीला कान लावून सांगितलं, "आग विझली. पण ज्या खोल्या जळाल्या त्या जळाल्याच. आता उरल्या आहेत त्यांत संसार करायचा. धूर नको, धूळ नको, धावपळ नको."

हे ऐकून भाऊजींनी काय केलं, तर अमरावतीला येऊन कापसाच्या बाजारात दलाली सुरू केली. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. बाजारात रुईच्या गंजी लागलेल्या, आणि तंतू असे उडायचे की दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. जळक्या छातीच्या माणसानं जाऊ नये अशी जागा वऱ्हाडात शोधायची म्हटली तरी याहून वाईट सापडली नसती.

पण धंदा त्यांना शोभायचाही. आमच्यात सौदा बोलून होत नसे, रुमालाखाली होई. दोघांनी हात पुढं करायचे, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. जितकी बोटं दाबली तितका भाव, आणि दाबली म्हणजे शब्द दिला. ओरडायला नको की घसा ताणायला नको. भाऊजी दगडासारखा चेहरा करून उभे राहायचे आणि सगळं बोटांनी बोलायचे.

एकदा समोर मीच होतो. आत मी त्यांची तीन बोटं धरलेली. एवढ्यात कुणीतरी शेजारी रुईचं गाठोडं आपटलं आणि भाऊजींना ठसका लागला. तो ठसका कमरेपासून निघून बोटांपर्यंत पोचला, आणि त्या उबळीत त्यांनी माझी चार बोटं कचकचून दाबली. मी घाबरून त्यांना सावरायला हात आवळला. झालं! सौदा पक्का. उबळ ओसरल्यावर डोळे पुसत ते म्हणाले, "चार. शब्द म्हंजे शब्द, साळेबुवा."

माझ्या व्यापाऱ्यानं मला आठ दिवस तोंड दाखवू दिलं नाही. शेतकऱ्यांमध्ये मात्र बोभाटा झाला की थांबाजीचा खोकला भाव चढवतो. मग काय, अंजनगावापासून गाड्या त्यांचं नाव विचारत येऊ लागल्या. तो ठसका खरा होता असं ते शेवटपर्यंत शपथेवर सांगत. माझा अजून विश्वास बसलेला नाही.

भाऊजींच्या श्वासाची खरी मोजणी अक्काची असे. भाऊजी रोज सकाळी ओसरीच्या उंबऱ्याशी बसून तळहातावर कापसाचा पुंजका ठेवायचे आणि फुंकायचे. तो जिथं पडेल तिथं अक्का कोळशानं रेघ ओढायची. रेघ मागं आली की तिचा चेहरा उतरायचा. म्हणून भाऊजी पाठीला वारा असेल तेव्हाच फुंकायला बसू लागले. अक्कानं दुसऱ्या दिवसापासून दार लोटून घेतलं. मग त्यांनी पुंजकाच लहान केला. अक्कानं पुंजके स्वतः वळायला घेतले. असा तो त्यांचा संसार.

पण रेघ मागं मागं येतच राहिली. आणि एके दिवशी अक्का पदर खोचून माझ्याकडं आली. "त्याहिचे थांबे सात होते," ती म्हणाली, "आता अकरा झाले. म्या स्वतः मांगून चालत गेली अन मोजले. आता तर घरातून निघून तुयशीपाशीच थांबतात, अन तिच्या मंजुळा मोजून रायलो म्हनतात! तू सांग त्याहिले. ते कापसात मरून जातीन."

मी सांगायला गेलो. भाऊजी विहिरीच्या कठड्याला टेकले होते. मला वाटलं थट्टेवर नेतील. पण तसं झालं नाही.

"साळेबुवा, अकोल्यात दोन वर्सं कोनी माया हाताले हात लावला नाई," ते म्हणाले. "तुया बहिणीशिवाय कोनी नाई. सख्खा भाऊ लांबून भाकर सरकवे. अन इथं दिवसभर लोकं आपून होऊन माया हातात हात देतात. पैशाचं सोड. ते हात सोडा म्हनते का तुई बहीण?"

मग त्यांनी मला बजावलं, की त्यांच्या दुखण्याबद्दल मी गावात अवाक्षर काढायचं नाही. एकदा का हे कळलं, की रुमालाखाली हात घालणारं कुणी उरणार नाही. म्हणून तर ती झाडांची आणि विहिरींची पाहणी चालली होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं मला पटलं. अक्कापाशी जाऊन मी खोटं बोललो, की ते ऐकतो म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ज्याची भीती होती ते घडलं. बाजार भरात होता. अंजनगावचे एक म्हातारे पाटील सात गाड्या कापूस घेऊन आले होते आणि भाऊजी त्यांच्या बाजूनं उभे होते. घ्यायला आले अकोल्याचे एक व्यापारी. भाऊजींनी हात पुढं केला, वर रुमाल पडला. व्यापाऱ्यांनी हात आत घालता घालता त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि विंचू चावावा तसा हात मागं घेतला.

"अरे, हा तं मळ्यातला क्षयी!" ते ओरडले. "याले कोनं उभं केलं इथं?"

भाऊजींचा हात रुमालाखाली तसाच एकटा राहिला. त्यांना तो मागं घेणंही सुचेना. मी पुढं सरकणार, एवढ्यात पाटलांनी जवळच्या माणसाला बाजूला सारलं.

"शेठ, हे आमाले ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमाले घ्यायचा हाय का कापूस? का दुसऱ्याले देऊ?"

"ठाऊक हाय?" हे विचारलं ते शेठनं नव्हे, भाऊजींनी. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बाप्पा, थांबाजी!" पाटील हसू लागले. "मानूस रोज त्याच निंबाकडं पाहते, तं त्यात काय मोर बसला हाय? निंबाखालचा दगड कोनं आनला मंग? आमच्याच गाडीतून आला तो. इहिरीचा कठडा लोहारानं नीट केला, काहून? तुमी त्यावर टेकता म्हनून. लेकरायले बी ठाऊक हाय गावातल्या. तुमी इतक्या मेहनतीनं लपवून रायले होते, म्हनून कोनी बोललं नाई."

एवढं बोलून पाटलांनी आपला खरबरीत हात रुमालाखाली घातला. विकणाऱ्यानं आपल्याच दलालाचा हात धरायला काही कारण नव्हतं, भाव कसलाच ठरायचा नव्हता. मग मी घातला. मग हमाल आले, गाडीवान आले, ज्यांच्याकडं विकायला बोंडभर कापूस नव्हता असे लोक रांगेत आले. अकोल्याचे शेठ हे सगळं पाहत होते, आणि शेवटी कापूस चांगला होता म्हणून त्यांनीही हात घातला. त्याच वेळी भाऊजींना नेमका ठसका लागला. शेठना त्या दिवशी भाव फार चढा पडला.

ही बातमी अक्कापर्यंत आमच्या आधी पोचली होती. ती दारातच उभी होती. "अवो, भेटले ना सारे हात?" तिनं विचारलं. "मंग आता बसा गुमान."

भाऊजी बसले, पण घरी नाही. त्यांनी दुकान मांडलं ते कडुनिंबाखालच्या त्या दगडावर. शेतकरी नमुन्याचा मूठभर कापूस फडक्यात बांधून तिथं आणायचे, व्यापाऱ्यांना तिथवर चालत यावं लागायचं, आणि रुमाल तिथंच पडायचा. बाजारातला तंतू तिथवर पोचत नसे. हिवाळ्यात खोकला बळावला की भाऊजी निमूट घरी राहत आणि अक्काचा काढा पीत. वर्षाअखेर ओसरीवरची रेघ थोडी पुढं सरकली. संध्याकाळी बाजार उठला की ते जुन्या वाटेनं फेरी मारून येत, त्यातले थांबे अकराचे पुन्हा सात झाले. सहा मात्र कधीच झाले नाहीत. गेलेला श्वास परत आला नाही, पण होता तो टिकला.

लढाई संपली आणि भाव धाडकन उतरला. भरल्या छातीचे, धावत सुटलेले किती तरी लोक तोंडावर आपटले. भाऊजी दगडावर बसून सगळ्यांना बोलावून म्हणायचे, "बस जरा. आधी श्वास घे, मंग बोल." त्यांच्याइतक्या अधिकारानं हे सांगणारा दुसरा कोण होता? त्यानंतर ते खूप वर्षं जगले. त्यांच्या दुखण्यावर गळे काढणारे बरेच जण त्यांच्या आधी गेले, आणि त्या प्रत्येकाच्या मयताला भाऊजी थांबत थांबत का होईना, गेले.

एका हिवाळ्यात मात्र छातीतला कफ सुटेना. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अक्काकडून पुंजका मागून घेतला, तळहातावर ठेवला आणि फुंकला. तो हललाच नाही. अक्कानं तो उचलला, सगळ्यांत पुढच्या जुन्या रेघेवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "पाहा, कुठवर गेला." भाऊजी हसले. मी तोंड फिरवून रडलो.

स्मशानाची वाट बाजाराच्याच रस्त्यानं जाते. आमच्यात तिरडीला वाटेत एकदाच विसावा देतात. पण कडुनिंबाखाली आलो आणि खांदेकऱ्यांचे पाय आपोआप थांबले. तिरडी खाली ठेवली. मग विहिरीपाशी थांबले. असं करत आम्ही सातही ठिकाणी थांबलो. भटजी दोनदा उन्हाकडं पाहून कुरकुरले, मग तेही आमच्याबरोबर थांबू लागले.

गोदाबाई तोवर फार म्हातारी झाली होती. टोपलं घेऊन जागेवरच बसली होती. तिरडी तिच्यासमोर टेकवली तशी ती उठली नाही की तिनं हात जोडले नाहीत. भाऊजींच्या तोंडाकडं पाहत तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कुणी न विचारताच म्हणाली, "आज स्वस्त हायेत वांगे, थांबाजी."

मग तिनं मेथीचा भाव सांगितला, मग फुलांचा. तिचं सांगून होईपर्यंत आम्ही थांबलो.