मंगळवारची सुट्टी

नव्या वर्षाची दिनदर्शिका हातात आली की माझा थोरला भाऊ आधी लाल आकडे बघतो. तो बारामतीत सरकारी कचेरीत कारकून, वहिनी शाळेत शिक्षिका. कुठली सुट्टी कुठल्या रविवारला जोडून येते याचा दोघं असा खल करतात, की पोरीच्या लग्नाचा मुहूर्तही कुणी इतक्या बारकाईनं काढत नसेल. एखादा सण रविवारी आला तर त्यांच्या घरात सुतक. "वाया गेली की रं सुट्टी!" हे दादा मला फोन करून सांगतो. मला, ज्याला अख्ख्या वर्षात एकही लाल आकडा लागू होत नाही!

मी इंदापूर तालुक्यातल्या एका दूध प्रकल्पावर कंत्राटी कामगार आहे. दुधाच्या पिशव्या क्रेटात भरायच्या आणि क्रेट थंड खोलीत रचायचे. गाई-म्हशी स्वातंत्र्यदिनालाही दूध देतात, त्यामुळं प्रकल्प बंद राहत नाही, हे मला कळतं. पण सुट्टीदिवशी कायम कामगार घरी बसतात, म्हणून आम्हा कंत्राटींनी मात्र हटकून यायचं. त्या दिवशी खाडा केला तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत. साहेब याला 'ॲडजस्टमेंट' म्हणतात. आमची ॲडजस्टमेंट झाली की त्यांची सहल होते. माझ्या वाट्याला आठवड्यातून एक मंगळवार येतो.

त्या मंगळवारची वाट घरात एकच माणूस बघायचा, माझे वडील. तरुणपणी मेंढरं राखलेले, त्यांनी स्वतः जन्मात कधी सुट्टी घेतली नव्हती. लकव्यानं अंथरूण धरल्यावर मात्र रोज सकाळी विचारायचे, "आज सुट्टी हाय का रं तुला?" कारण सुट्टीच्या दिवशी मी त्यांची दाढी करायचो, कढत पाण्यानं निवांत अंघोळ घालायचो आणि निरवांगीच्या आमच्या घरापुढं लिंबाखाली खाटेवर बसवायचो. मग दुपारपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. दादा लाल आकड्यांना यायचा. दारातूनच "कसं काय आबा?" विचारायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

वडलांना जाऊन वर्ष होत आलं आणि तिथी नेमकी मंगळवारी आली. मला फार बरं वाटलं. दादाच्या फोननं ते टिकू दिलं नाही.

"मंगळवारी कोण येणार रं? वर्षश्राद्ध एक मेला घेऊ. शुक्रवार हाय, शनिवार-रविवार जोडून येत्यात."

"दादा, एक तारखेला मला घरी थांबता येत न्हाय, कामावर जावं लागतंय."

"का? कामगार दिन हाय की! कामगारालाच सुट्टी न्हाय व्हय?" म्हणाला आणि हसला.

राग आला तो त्या हसण्याचा. त्याला खरंच वाटत होतं की मी सबब सांगतोय. गुरुजींनी "चालतंय" म्हणून सांगितलं. एका सुट्टीत त्यांनाही दोन-तीन घरं उरकायची असतात. वडलांची तिथी अशी सगळ्यांच्या सोयीनं पुढं सरकली. एक तारखेच्या संध्याकाळीच दादाचं कुटुंब महाबळेश्वरला निघणार होतं, हे वहिनी बोलता बोलता माझ्या बायकोला सांगून गेली.

मंगळवारी सकाळी उठलो तर आई चुलीपुढं बसलेली. "आज सुट्टी हाय न्हवं तुला?" तिनं विचारलं. तिनं हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी केली होती, वडलांच्या आवडीची. ताट आम्ही कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवलं. खाट लिंबाखाली टाकली आणि दुपारपर्यंत दोघं तिथंच बसलो. गुरुजी नाही, पाहुणे नाहीत, कुणाला सांगितलंही नाही.

एक मेला प्रकल्पावर झेंडावंदन झालं. कामगार हा देशाचा कणा आहे, असं साहेबांनी कागदावरून वाचलं. कायम कामगारांनी टाळ्या वाजवल्या, जिलबीचे पुडे घेतले आणि गाड्यांना किका मारल्या. कणा तेवढा थंड खोलीत क्रेट उचलायला मागं राहिला. उरलेली जिलबी आमच्यासाठी ठेवली होती. मला तिची किळस आली, मी हात लावला नाही.

घरी आलो तेव्हा मांडव उतरला होता. फोनवर दादानं हार घातलेल्या फोटोपुढं हात जोडलेला स्वतःचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आबा, तुमची उणीव रोज भासते.'

पंगतीत काय झालं ते बायकोनं सांगितलं. दादाच्या पानात वाढता वाढता आई सगळ्यांदेखत म्हणाली, "त्येंचं मंगळवारीच झालं. ज्याच्या सुट्टीची त्ये वाट बघायचं, त्यानं केलं. हे तुमच्या सुट्टीचं जेवाण हाय. पोटभर जेवा."

"मग दादा?" मी विचारलं.

"जेवलं की. लाडू परत मागून घेतला आन् गडबडीनं उठलं. उशीर हुत हुता त्यास्नी."