पान उघडेना

बायकोचा आवाज हळूहळू जात होता, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं, जमेल तेवढा रेकॉर्ड करून ठेवा. आजार मज्जातंतूंचा होता आणि बरा होणारा नव्हता. मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. तिच्या रेकॉर्डिंगवरून मी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान तयार केलं. ती एका बोटाने अक्षरं निवडायची आणि लॅपटॉप तिच्याच आवाजात बोलायचा. सिडकोतल्या आमच्या घरात मी आतल्या खोलीत काम करायचो, तिची हाक तिथपर्यंत यायची.

एका सकाळी ब्राउझर अपडेट झाला आणि पान उघडेना.

आवाज झटपट जुळवायला मी जी सामायिक मेमरी, म्हणजे पानाच्या सगळ्या भागांना एकाच वेळी वापरता येणारी जागा, वापरत होतो, ती ब्राउझरने बंद केली होती. त्या मेमरीतून सेकंदाचा अगदी सूक्ष्म भाग मोजणारं घड्याळ बनवता येतं. तसं घड्याळ मिळालं, की एखादं लबाड पान नुसती वेळ मोजून शेजारच्या पानातले पासवर्ड ताडू शकतं. म्हणून पानांना मिळणारी साधी घड्याळं ब्राउझरने आधीच बोथट केली होती, ती इतकं बारीक मोजत नव्हती. आता मेमरी हवी असेल, तर पान एकटं ठेवायचं. परवानगी नसलेल्या दुसऱ्या साइटवरचं काहीच त्यात येणार नाही. नियमात खोट काढता येत नव्हती. पण तिची रेकॉर्डिंग दुसऱ्याच साइटवर होती आणि ती साइट तशी परवानगी देत नव्हती.

ती सगळी डाउनलोड करून आमच्या पानाच्याच साइटवर ठेवायला हवी होती. तोवर मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचो, हवं ते आलं की ती पापणी मिटायची.

फायली तपासताना तिचा जुना आवाज घरभर घुमायला लागला. "भद्रकालीच्या बाजारात गर्दी असेल, उद्या जाऊ." "दूध बघ रे, उतू जाईल." मध्येच तिचं हसू. मी बाहेर आलो तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुठ्ठा धरला.

"बंद कर," तिने जुळवलं.

उरलेल्या फायली मी हेडफोन लावून ऐकल्या. पान पुन्हा चालू झालं. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, पण तिने बोट उचललं नाही. ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"दुखतंय का?"

पापणी मिटली नाही. मग अक्षर अक्षर करून तिने सांगितलं, "यात तू समोर बसतोस."

त्यानंतर मी काम कमी केलं आणि तिच्याजवळ बसायला लागलो. पुढे बोट थांबलं, गिळणं थांबलं. पापणीही जड होत गेली. शेवटच्या संध्याकाळी तिने "उ" निवडला, मग "घ". मी विचारलं, "खिडकी उघडू?" तिची पापणी हलली की नाही, मला कळलं नाही. मी खिडकी उघडली आणि परत येऊन बसलो. पहाटे ती गेली.