दाराबाहेरच्या चपला

लहानपणी शाळेतून आल्यावर बेल वाजवण्याआधी मी वडिलांच्या चपला बघायचे. नीट जोडीने ठेवलेल्या असल्या तर ठीक. एक इकडे, एक तिकडे उलटी पडलेली दिसली, की आईने मार खाल्लेला असायचा किंवा आता ती खाणार असायची. मग मी दप्तर मांडीवर घेऊन जिन्यातच बसून राहायचे.

आता चेन्नईत, अड्यारला आमचा फ्लॅट आहे. नवरा शांत आहे. तरी लिफ्टमधून बाहेर पडले की मजल्यावरच्या प्रत्येक दाराबाहेरच्या चपलांवर माझी नजर जातेच. शेजारच्या मामींना वाटतं, मी लाजाळू आहे, म्हणून खाली बघून चालते.

झोप लागेना म्हणून एका समुपदेशक बाईंकडे गेले, तेव्हा त्यांना मी ठणकावून सांगितलं, "ते सगळं मागे पडलंय. मी माझ्या मुलीला आजवर एक चापटही मारलेली नाही. ओरडते, पण कोण ओरडत नाही?"

परवा ऑफिसात कटकट झाली, वर बसमध्ये घामाने जीव गेला. लवकर निघून साडेतीनलाच घरी आले, दाराबाहेरच चपला भिरकावल्या आणि आत शिरले. चारला येणारी मुलगी साडेचार झाले तरी येईना. घाबरून दार उघडलं, तर ती दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसलेली.

"अगं, बेल का नाही वाजवलीस?"

"तुझ्या चपला बघितल्या," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, आधी तुझा राग जाऊ दे."