आईचं नॉर्मल क्रिएटिनिन

आईच्या पायांना सूज यायला लागली, ते तिने आधी वहिनीला सांगितलं, मला नाही. मी संगमनेरला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. आई तिसगावच्या अलीकडे आमच्या वस्तीवर, भावाकडे. संध्याकाळी तिची चप्पल पायात जाईना, म्हणून भावाच्या स्लिपर अडकवून ती गोठ्यात जायची. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. लघवीला फेस येतो, हेही तिने लाजत सांगितलं होतं.

भाऊ तिला तिसगावात नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त तपासलं. किडनीचा आकडा, म्हणजे क्रिएटिनिन, एक पॉइंट एक. डॉक्टर म्हणाले, "किडनी नॉर्मल आहे, वयाचं दुखणं आहे." गुडघेही दुखतात म्हणाली, म्हणून गुडघ्यासाठी इंजेक्शन दिलं, वर दुखणं थांबायच्या गोळ्या.

त्या एका शब्दाने आमच्या घरात जे केलं, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवसापासून आईचं सगळं खोटं ठरलं. पाय जड झालेत म्हणाली, की भाऊ म्हणायचा, "रिपोर्ट नॉर्मल आलाय ना?" अंगाला खाज सुटते म्हणाली, की वहिनी साबण बदलायची. मधे परत रक्त तपासलं, परत तेच. मग तर आई कण्हली तरी घरातले एकमेकांकडे बघायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात ज्वाऱ्या सोंगलेली बाई, ताप अंगात असताना खुरपायला जाणारी. ती म्हातारपणी नाटकं करते, असं तिच्याच पोटच्या पोराने मला फोनवर सांगितलं.

मी सुट्टी काढून गेले. आई ओट्यावर बसली होती. मी तिची नडगी बोटाने दाबली, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे नॉर्मल आहे का रे?" मी भावाला विचारलं.

"मी काय डॉक्टर हाय? तू दोन दिवस येतीस आन आमाला शिकवतीस."

"व्हय, शिकवते. उद्या गाडी काढ, नगरला जायचंय."

तो गाडी काढेना. मग मी आईला एसटीने नेलं. करंजीच्या घाटात तिला दोनदा उलटी झाली.

नगरच्या किडनीच्या डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. मी सगळे रिपोर्ट पुढे केले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि आधी आईचा दंड हातात धरला. दंड कसला, काठीवर कातडं. मग वजन केलं. अडतीस किलो, त्यातही सुजेचं पाणी.

"आजी, आधी अशाच बारीक होतात का?"

"न्हाई वो. लई धडधाकट हुते. ह्या सालातच वाळले."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. क्रिएटिनिन अंगातल्या मांसातून तयार होतं. किडनी ते बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साठतं आणि आकडा चढतो. पण अंगावर मांसच उरलं नसेल तर मुळात तयारच कमी होतं, मग किडनी बिघडली तरी आकडा जागच्या जागी दिसतो. "हा आकडा पैलवानाला नॉर्मल असेल. ह्यांना नाही." सिस्टॅटिन सी नावाची रक्ताचीच दुसरी एक तपासणी असते, ती मांसावर फारशी अवलंबून नसते. ती त्यांनी करायला सांगितली, आणि लघवीतली प्रथिनं. रक्त पुण्याला पाठवावं लागलं.

काही दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हा आईला घेऊन मी परत एसटीनेच नगरला गेले. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाव भाग काम करत होत्या. लघवीतून प्रथिनं भरपूर जात होती, म्हणजे जेवढं चाललंय तेही झपाट्याने बिघडण्याचा धोका. मग बाईंनी औषधांची पिशवी उघडली आणि त्यांचा आवाज बदलला. "ह्या दुखण्याच्या गोळ्या कोण देतंय? ह्यांनी किडनी आणखी बिघडते. आजपासून बंद. इंजेक्शनसुद्धा."

परतताना तिसगावात उतरून मी आईला स्टँडवर बसवलं आणि सरळ त्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरले. बाकड्यांवर माणसं होती. मी सगळ्यांसमोर बोलले.

"डॉक्टरसाहेब, माझ्या आईचे पाय तुम्ही कधी बघितले का?"

त्यांनी चष्मा काढला. "ताई, आत या. रिपोर्टमध्ये काही वाढलेलं नव्हतं. लॅबने आकड्यापुढे खूण केली असती तर..."

"खूण पायावर होती. तुम्ही कागदावर शोधत होता."

ते हात धुवायला उठले. त्यांनी भांडायला हवं होतं. निदान माझा आवाज तरी मोकळा झाला असता. बाकड्यावरची एक म्हातारी आपल्या पायांकडे बघत होती, एवढं आठवतं.

घरी भावाला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, म्हणाला, "पन त्यांनी नॉर्मल सांगितलं हुतं." पुन्हा तोच शब्द! मी ताटावरून उठले आणि वहिनीने वाढलेलं तसंच राहिलं. पुढच्या वेळेला मात्र नगरला गाडी त्यानेच काढली. माफी वगैरे मागितली नाही, मीही विषय काढला नाही. राग गेला म्हणून नव्हे. आईला एसटी झेपत नव्हती म्हणून.

डायलिसिस अजून लागलेलं नाही. सूज उतरलीय, भाकरी बऱ्यापैकी खाते. डायलिसिस कधी लागेल, हे बाई सांगत नाहीत; दर खेपेला रक्त बघतात, लघवी बघतात, आणि वजनकाट्यावर उभं करतात.

परवा आईचा फोन आला, आवाज चढलेला. खोकला झाला म्हणून ती त्याच तिसगावच्या डॉक्टरकडे गेली होती!

"अगं, त्यांच्याकडे कशाला गेलीस?"

"जवळ हाय म्हनून. आन ते आता गुडघ्याचं इंजेक्शन द्याया तयार न्हाईत. म्हने, तुमच्या पोरीला इचारा. रातभर पाय ठनकतोय माझा. तुला काय गरज हुती चारचौघांत त्यांना बोलायची?"

मी संतापून फोन ठेवला. तिने लगेच परत लावला आणि मला आणखी झापलं.