पाठीतली नळी

माझ्या धाकट्या भावाच्या पाठीतून एक बारीक नळी निघाली होती आणि तिच्या टोकाशी पाण्यासारखा नितळ थेंब पिशवीत पडत होता. शस्त्रक्रिया झाली होती हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची. मी हादरलोच. "पाठीला भोक कोणाच्या अनुमतीने पाडलेत?" मी परिचारिकेवर कडाडलो. तक्रारीचा मसुदा मनात तयारही झाला होता.

"काका, संमतिपत्रावर सही तुमचीच आहे," ती शांतपणे म्हणाली.

न वाचता सही करणाऱ्यांना आयुष्यभर खरमरीत पत्रे लिहिणारा मी, ती सही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली; माझीच होती. मग तिने समजावले. महारोहिणी दुरुस्त करताना मज्जारज्जूला रक्त कमी पडू शकते आणि पाय कायमचे जाऊ शकतात. मज्जारज्जूभोवतीचे पाणी थोडे काढले की दाब उतरतो, रक्ताला वाट मिळते. जीव वाचवताना पाय जावेत आणि त्यात कोणीही अपराधी नसावा! हा अन्याय मला ठाऊक असलेल्या कोणत्याही कलमात बसत नव्हता. माणसाचे चालणे इतक्या थोड्या पाण्यावर तोललेले असते, हे मला या वयापर्यंत कोणी सांगितले नव्हते.

"पाय हलवा बघू," तिने भावाला सांगितले. डाव्या पायाची बोटे हलली. उजवी निश्चल राहिली. मग तीही हळूच वाकली.

"दादा, बोटं हलली म्हणून लेखी देऊ का?" भाऊ पुटपुटला.

मी वाकून त्याची दोन्ही पावले हातांत धरली. थोरल्याने धाकट्याच्या पायांना हात लावू नये, हे मला ठाऊक आहे.