मूठभर तांदुळजा

या परक्या शहरात तांदुळज्याची जुडी धुताना मातीचा वास आला, की शिरूर कासारकडचा आमच्या घरामागचा वाफा आठवतो. शाळा सुटून मी ऊसतोडीला जायला लागले होते. रेडिओ केंद्रातल्या एक बाई मला काम शिकवायला न्यायला आल्या, पण आईचा त्यांच्यावर काडीचा भरवसा नव्हता. "गोड बोलून नेणारे मुकादम आमी लई पायलेत." बाई म्हणाल्या, "अहो, ब्रॉडकास्ट हा शब्दच मूळचा शेतातला. इंग्रज शेतकरी मुठीनं बी फोकून पेरायचे, त्याला ते ब्रॉडकास्ट म्हणायचे. रेडिओनं तो मागून घेतला." आई माझ्या कानाशी लागली, "बघ, कशी चढवती आपल्याला!" मग तिनं तांदुळज्याचं बी त्यांच्या हातावर ओतलं. "फोका बरं." बाई जागच्या हलल्या नाहीत. "आधी बियात मिसळायला राख द्या की. एवढं बारीक बी नुसतं फोकलं तर एका जागी ढीग पडेल." आईनं चुलीतली गार राख आणली अन् मला म्हणाली, "जा. पण फोन चालू ठेव." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आई मात्र आता मोबाइलवर माझा कार्यक्रम ऐकते अन् लगेच फोन करून विचारते, "ती बाई नीट वागती ना गं?"