फाइलीतली बाई

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आमचं कॉलेज मोबाइलवर भरायचं, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून मी एक बाई मारली. केस स्टडीला पेशंट हवा होता आणि वॉर्डात जायला बंदी. मग आम्ही सगळ्याच जणी मनाने पेशंट रचायचो. माझी बाई अठ्ठावन्न वर्षांची, बाळकुमची, मधुमेहाची, डाव्या पायाला जखम. पाच दिवसांची शुश्रूषा लिहायची होती. मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मृत दाखवलं आणि दोन दिवसांचं लिखाण वाचवलं. वर मार्कही चांगले पडले. आळसाला काळीज नसतं, हे तेव्हा कळलं नाही.

कॉलेज पुन्हा सुरू झालं आणि ठाण्यातल्या एका रुग्णालयात आमची ड्युटी लागली. दीड वर्ष उशीला इंजेक्शनं टोचलेल्या मुली आम्ही. सगळं तोंडपाठ, हाताला मात्र काही ठाऊक नाही. मला सात नंबरची खाट मिळाली. केसपेपर उचलला. वय अठ्ठावन्न. राहणार बाळकुम. मधुमेह. जखम डाव्या पायाला.

मी केसपेपर पुन्हा वाचला. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, शुगरच्या अर्ध्या बायका अशाच असतात. टेन्शन नको घेऊ, लॉगबुक भर." तिचं खरंच होतं. पण मला पटेना. बाई बोलक्या होत्या, तरुणपणी मिठागरात राबलेल्या. मला 'सिस्टर' म्हणायच्या आणि मी चोरासारखी त्यांची नजर टाळायचे. दोन दिवस नीट गेले. तिसरा उजाडूच नये असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळे मिटून पडल्या होत्या. शेजारी नाश्ता झाकलेला तसाच. मी मनगट धरलं. ठोके लागले, जलद पण स्पष्ट. शहाण्णव. तक्त्यात लिहिले तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग लक्षात आलं, माझी बोटं ओली झाली होती. त्यांचा हात घामाने निथळत होता. हाक मारली, ओ नाही. हलवलं, काही नाही. तोल सावरायला मी खाटेची लोखंडी दांडी घट्ट धरली. अंगठ्याखाली दांडीलाही ठोके होते. तेच, तितकेच जलद.

"सिस्टर!" मी ओरडले. "मी खोटं लिहिलंय! मला नाडी बघता येत नाही!"

वॉर्डच्या सिस्टर धावत आल्या. बोटाला टोचून साखर पाहिली, ती पार खाली गेली होती. इन्सुलिन घेऊन बाई उपाशी राहिल्या होत्या. शिरेतून ग्लुकोज देता देता सिस्टर मला म्हणाल्या, "अंगठ्याने नाडी बघतात का गं? स्वतःचेच ठोके मोजलेस तू." उशीला नाडी नसते, हे त्यांना कसं सांगणार? मी नुसता बाईंचा हात धरून उभी होते. मरू नका, मरू नका, एवढंच मनात चाललं होतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

काही मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले.

"कवरा गार हाय गो तुजा हात," त्या म्हणाल्या. "तुला काय झालं?"